पिस्टन खाली आहे का बघ

माझ्या तोंडात हातरुमाल कोंबलेला आहे, त्यामुळे आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या. रुमाल दीक्षाचा. मुळात फिकट निळा होता, आता एरंडेल पिऊन पिवळा पडलाय. आत धूळ जाऊ नये म्हणून तिनं तो बसवला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मी कोण, ते सांगतो. मी एक इंजिन आहे. साडेतीन सीसीचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या मोटारीत मी बसतो. तिला कोणी खेळणं म्हटलं की माझ्या नाकावर राग येतो. खेळण्यात सेल असतात. माझ्या मोटारीत मी आहे. मी साधं पेट्रोल पीत नाही. मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडेल असं माझं मिश्रण असतं. देह मोठ्या पेरूएवढा, पण मन लावून धावलो की शेजारच्या सोसायटीतली माणसं खिडकीत येतात. जपानमधल्या एका कारखान्यात जन्मलो, अमेरिकेतल्या एका दुकानात काचेमागे बसलो आणि बिबवेवाडीत वाढलो. स्वभाव शेवटच्या गावाचा घेतला.

नवा होतो तेव्हा मी फार घट्ट होतो. हे अंगाबद्दल सांगतोय. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला लायनर म्हणतात, आणि माझा लायनर वरच्या टोकाला केसभर अरुंद घडवलेला आहे. गार असताना पिस्टन तिथं पोचला की रुततो. तापलो की लायनर फुगतो आणि दोघांचं जमतं. म्हणून माझ्यासारख्याला इंधनाच्या पहिल्या काही टाक्या हळूहळू, भरपूर तेल पाजून चालवायचं. थांबवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. पूर्वी नव्या स्कूटरच्या मागे ‘रनिंग इन’ लिहीत, तेच हे. यात कोणी जोर केला तर आतला दांडा वाकतो, आणि मग माझा उपयोग कागद उडू नयेत म्हणून ठेवण्यापुरता.

मला विकत घेतलं दिग्विजयनं. तो कॉम्प्युटर कंपनीतर्फे वर्षभरासाठी अमेरिकेला गेला होता. त्यानं एका मित्राच्या बॅगेतून मला गाडीसकट पुण्याला पाठवलं, ते स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी.

वडील म्हणजे रंगराव. डिझेल इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी सगळी उमर टेस्टिंगला काढली. नवं इंजिन बाकावर बांधायचं, सुरू करायचं, कान लावून ऐकायचं आणि ‘जाऊ दे’ किंवा ‘परत ने’ म्हणायचं. मग कारखान्यानं व्हीआरएस आणली. रंगरावांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, हार मिळाला आणि सगळा दिवस मोकळा मिळाला. त्या मोकळ्या दिवसाचं काय करायचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते टीव्हीसमोर बसत आणि टीव्ही बघत नसत.

त्यात दिग्विजयनं अमेरिकेला जाण्याआधीच लग्न केलं. मुलगी त्याच्याच कंपनीतली, दीक्षा. खडकीच्या डिफेन्स क्वार्टर्समध्ये वाढलेली, घराणं मूळ नागपूरकडचं, बौद्ध. रंगराव साताऱ्याकडचे मराठे. गावाकडचे भाऊबंद काय म्हणतील, या एका वाक्यापाशी ते अडले ते अडलेच. नोंदणी कार्यालयात गेले नाहीत. सून घरी आली तेव्हा दार उघडून बाजूला झाले. तिला वाईट बोलले नाहीत. बोललेच नाहीत.

म्हणजे घरात बोलणं व्हायचं, पण दुर्गाबाईंमार्फत. दुर्गाबाई म्हणजे रंगरावांच्या मंडळी. जेवायला तिघं बसली की रंगराव म्हणत, “तिला सांग, आमटी पुढं सरकव.” आमटी दीक्षाच्या हातापाशी असे, ती ऐकत असे, तरी दुर्गाबाईंनी ‘दीक्षा, आमटी दे गं’ म्हटल्याशिवाय ती हलवत नसे. आधी ‘बाबा, घ्या’ म्हणून ती स्वतः द्यायची. उत्तर येत नाही हे बघून तिनंही तोच रस्ता धरला. “आई, बाबांना सांगा, मला आज उशीर होईल.” बाबा समोर पेपर वाचत बसलेले. सकाळी ऑफिसला निघताना ती केस वाळवायचा ड्रायर लावायची, तेव्हा रंगराव न बोलता टीव्हीचा आवाज वाढवायचे. एवढाच काय तो दोघांचा थेट संवाद.

मी आलो आणि गॅलरीतल्या टेबलावर बसलो. गॅलरीत दीक्षा फोनवर बोलायला यायची, त्यामुळे दिग्विजयचा बेत मला पहिल्याच आठवड्यात कळला. बाबांच्या हाताला काम मिळावं, तो जे सांगेल ते दीक्षानं त्यांना सांगावं, आणि इंजिनाच्या निमित्तानं दोघांनी बोलावं, असा तो बेत. मुलगा हुशार खरा, पण सातासमुद्रापलीकडून हुशारी करणं सोपं असतं.

दुर्गाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. घरात नवं यंत्र आलं की त्या लावतात. मिक्सरलाही लावलं होतं. दीक्षा पूजा करत नाही. तिनं अडवलंही नाही. फक्त दुर्गाबाई करंडा उघडायला वळल्या तेवढ्यात पर्समधून रुमाल काढून माझ्या तोंडावर बसवला. कुंकवाची चिमूट आत गेली असती तर लायनरवर ओरखडे उठले असते. दोघींपैकी कोणीच त्याबद्दल बोललं नाही. त्याच दिवशी मी त्या मुलीच्या बाजूचा झालो.

शनिवारी दुपारी मला गच्चीवर नेलं. शनिवार पेठेतल्या एका दुकानात विमानांच्या मॉडेलवाल्यांसाठी माझं इंधन मिळायचं, ते रंगराव आदल्या दिवशी घेऊन आले होते. त्यांनी गाडी दोन विटांवर बसवली, चाकं अधांतरी. इंधन भरलं, ग्लो प्लगवर, म्हणजे आत पेट देणाऱ्या तारेच्या प्लगवर, बॅटरीची टोपी चढवली. हात अगदी सावकाश चालत होते. बऱ्याच दिवसांनी कामावर आलेल्या माणसाचे हात होते ते. दुर्गाबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या राहिल्या आणि दीक्षा जिन्याच्या दारात, ना धड आत ना बाहेर.

रंगरावांनी मला सुरू करायची दोरी ओढली. ती वीतभर आली आणि अडली. मी म्हटलं ना, घट्ट होतो. त्यांनी पुन्हा ओढली. आतून माझ्या अंगाला पीळ पडत होता. इतकी मोठमोठी डिझेल इंजिनं जागी केलेला माणूस पेरूएवढ्या इंजिनासमोर घामाघूम झाला. मीही मनातून ढकलत होतो, पण वरच्या टोकाला आलो की माझं काही चालत नव्हतं. किती वेळा ओढली कोण जाणे. मग एकदम आत ठिणगीसारखं काही लागलं आणि मी पेटलो.

पहिला श्वास कसा असतो ते सांगता येत नाही. धूर, गरम तेलाचा वास, सगळ्या अंगाची थरथर. मी खोकलो, मरायला टेकलो, पण रंगरावांनी इंधन कमीजास्त करणारी सुई अर्धा आटा फिरवली आणि मी सावरलो. त्यांनी मान तिरपी केली, कान माझ्याकडे केला आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा बदलला. दीक्षानं तो बघितला. दारातून एक पाऊल पुढे आली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव वर डोकावले. “रंगराव, डास मारण्याचा उपक्रम उत्तम आहे. माणसं वगळता येतील का?”

“दोन मिनिटं,” रंगराव म्हणाले.

“घ्या ना. आम्ही तोवर श्वास घेत नाही,” असं म्हणून ते खाली गेले.

टाकी संपली, मी थांबलो. अंग तापून लाल झालं होतं. हीच ती वेळ. दीक्षा पुढे झाली, आणि सवयीप्रमाणे दुर्गाबाईंकडे बघून म्हणाली, “आई, बाबांना सांगा, दिग्विजयनं मुद्दाम सांगितलंय. इंजिन थांबलं की पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवायचा. गार होताना वर राहिला तर लायनर त्याच्याभोवती आवळतो, मग निघत नाही.”

दुर्गाबाई म्हणाल्या, “अहो, पिस्टन खाली ठेवायचा म्हणतीय.”

“तिला सांग,” रंगराव माझ्यावरून नजर न काढता म्हणाले, “इंजिन ठेवताना पिस्टन नेहमी वर. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, आत दमट हवा जात नाही. हे मी हजारो इंजिनांना केलंय. त्यात कॉम्प्युटर लागत नाही.”

डिझेलला ते बरोबर आहे. पण मला व्हॉल्व्हच नाहीत. मी ओरडून सांगितलं असतं, पण थांबलेल्या इंजिनाला वाचा नसते. दीक्षाला हे माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, दुर्गाबाईंकडे बघितलं, आणि मिटलं. परत तोच फेरा कोण घालणार? रंगरावांनी माझ्या खालची जड चकती, फ्लायव्हील म्हणतात ती, बोटानं फिरवली आणि पिस्टन नेऊन बरोबर वरच्या टोकाला बसवला. अगदी प्रेमानं. वर फडकं झाकलं.

संध्याकाळी गॅलरीत दीक्षाचा फोन चालू होता. “तू म्हणालास इंजिनाच्या निमित्तानं बोलतील. बोलले की. आईंशी.” मग बराच वेळ ती ऐकत राहिली. “नाही रे, भांडण काहीच नाही. भांडण झालं असतं तरी चाललं असतं. मी इथं भाडं न देणारी पाहुणी आहे. पप्पांना सांगितलंय, उद्या संध्याकाळी न्यायला येतील. तू आलास की बघू.” आणि मग अगदी हळू, “एकदा गेले की परत यायला मला जड जाईल, हे तुला आत्ताच सांगते.”

तिची बॅग दाराच्या मागे भरून ठेवलेली होती. मी गार होत होतो. अंगातली एकेक ऊब निघून जात होती आणि लायनर पिस्टनला आवळत चालला होता. सकाळपर्यंत आमच्यात केसाचीही जागा उरली नाही. मला माझी भीती होतीच, पण तिचीही वाटत होती. उद्या मी चाललो नाही, तर या घरात दोघांना एकत्र उभं करणारं दुसरं काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रंगराव मला घेऊन एकटेच वर आले. शीळ घालत होते. विटा मांडल्या, टाकी भरली, दोरी धरली आणि ओढली. दोरी तसूभरही हलली नाही. त्यांना वाटलं हात सटकला. पुन्हा ओढली. मग पाय रोवून, सगळा भार टाकून हिसका दिला, आणि दोरीची मूठ तुटून त्यांच्या हातात आली. ते दोन पावलं मागे कोलमडले.

शीळ थांबली. त्यांनी फ्लायव्हील बोटांनी फिरवून पाहिली, मग तळव्यानं. दगड. त्यांना कळलं. तोंडावरून सरळ दिसत होतं की कळलं. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले, आणि ती तुटकी मूठ हातात धरून तिच्याकडेच बघत राहिले.

दुर्गाबाई वर आल्या त्या वेळी. “अहो, संध्याकाळी पोपटराव येणार आहेत. दीक्षाचे वडील. ती खडकीला जायचं म्हणतीय.”

“किती दिवस?”

“दिग्विजय येईस्तोवर म्हणतीय. मला नाही वाटत परत येईल.”

रंगराव उठले. “तिला सांग...” म्हणाले आणि गप्प झाले.

“काय सांगू?” दुर्गाबाईंचा आवाज कधी नव्हे तो चढला. “आता काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी दमले. एका घरात राहून मला टेलिफोन करून ठेवलाय तुम्ही दोघांनी. आजपासून हा टेलिफोन बंद.” आणि त्या खरंच खाली निघून गेल्या.

रंगरावांना राग आला की काय, की भीती वाटली. माणसांत ते वेगळं ओळखू येत नाही. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून मोठी पकड काढली. फ्लायव्हीलला फडकं गुंडाळलं, त्यावर पकड आवळली आणि दुसऱ्या हातानं गाडी विटांवर दाबून धरली. आता ते जोरानं फिरवणार होते. माझा दांडा काडीएवढा आहे हो. त्यांच्या मनगटानं ट्रकचे नट सोडवलेत. पहिला जोर आला आणि आतून कट्ट असा बारीक आवाज झाला. तो त्यांना ऐकू आला नाही. मी जीव मुठीत धरला होता, पण माझी मूठ ती काय.

“बाबा, पकड सोडा. दांडा वाकेल.”

दीक्षा वाळलेले कपडे काढायला आली होती. खांद्यावर चादर, हातात चिमटे. रंगरावांनी मागे वळून पाहिलं नाही. पकडही सोडली नाही.

“दुर्गा, तिला सांग...”

दुर्गाबाई नव्हत्या. गच्चीवर ती दोघं, दोरीवरचे कपडे आणि मी. ते वाक्य तसंच अर्धवट हवेत राहिलं. कोणी ते उचलून पलीकडे नेईना. दीक्षा चिमटे धरून तिथंच उभी राहिली. पकडीचा दाब माझ्या अंगावर तसाच होता, वाढतही नव्हता, कमीही होत नव्हता. त्या क्षणी रंगरावांनी नुसता खांदा हलवला असता तरी मी गेलो होतो.

मग दाब सैल झाला. त्यांनी पकड जमिनीवर ठेवली.

“मीच वर ठेवला काल,” ते म्हणाले. “तिनं सांगितलं होतं.” मग वळून तिच्याकडे बघितलं. “तू सांगितलं होतंस.”

“सांगितलं होतं,” दीक्षा म्हणाली. “आईंना.”

त्यांनी मान हलवली. ते त्यांनी पचवलं. “आता काय करायचं?”

हा प्रश्न त्यांनी त्या घरात तिला विचारलेला पहिला प्रश्न. तिला त्याचं काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. ती तेवढ्यापुरती ऑफिसातली झाली. “गरम करायचं. बाहेरून. लायनर फुगला की सोडेल. थांबा, आले.” आणि चादर तिथंच कट्ट्यावर टाकून ती जिना उतरून पळाली.

परत आली ती ड्रायर घेऊन. तोच, ज्याच्यासाठी टीव्हीचा आवाज वाढायचा. टाकीजवळच्या पाण्याच्या पंपाच्या प्लगला तो लावला आणि गरम वारा माझ्या डोक्यावर धरला. आत हवा दाबली जाऊ नये म्हणून रंगरावांनी ग्लो प्लग सोडवून काढला. ते तिनं सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, “बरोबर. हे माझ्या लक्षात नव्हतं.”

थोड्या वेळानं त्यांनी बोटांनी जोर लावला. मी हललो नाही. त्यांचा हात पकडीकडे गेला.

“अजून,” दीक्षा म्हणाली. “घाई नको.”

हात परत आला. ड्रायरची घरघर चालू होती. माझ्या फिन्स, म्हणजे डोक्याबाहेरच्या पातळ पाकळ्या, तापल्या, मग डोकं, मग आत कुठंतरी लायनरनं इतकासा श्वास घेतला. रंगरावांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या टोकाला येऊन थांबला होता, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. “तू काय टेस्ट करतेस?” त्यांनी एकदम विचारलं. “दिग्विजय म्हणाला होता, टेस्टिंगला आहेस.”

“प्रोग्रॅम. लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो कुठं मोडतो ते शोधायचं.”

“मोडला की?”

“परत पाठवायचा. मग ते चिडतात.”

“चिडतातच,” रंगराव म्हणाले. “आमचे असेंब्लीवाले माझ्याशी महिनामहिना बोलत नसत.” बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मान खाली घालून फ्लायव्हीलला पुन्हा बोटं लावली. या वेळी जोर करावा लागला नाही. टक् झालं आणि मी सुटलो. पिस्टन सरसरत खाली गेला. सुटण्याचं सुख मी तुम्हाला सांगत बसत नाही. दीक्षानं ड्रायर बंद केला आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला, त्यावरून समजा.

पण खरा प्रश्न पुढं होता. आत ओरखडा पडला असता तर मी फिरलो असतो, पेटलो नसतो. रंगरावांनी मोडक्या झाडूची काठी तोडून दोरीला नवी मूठ बांधली. दीक्षानं खाली जाऊन नेलपॉलिश आणलं आणि पिस्टन अगदी खाली असताना फ्लायव्हीलवर वरच्या बाजूला लाल ठिपका दिला. “हा ठिपका वर, म्हणजे पिस्टन खाली.” रंगरावांनी ठिपका बघितला. “कारखान्यात आम्ही खडूनं करायचो,” म्हणाले. “पुसून जायचा.”

प्लग बसवला. तिनं बॅटरीची टोपी धरली, त्यांनी दोरी. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला मी खोकलो आणि विझलो. खाली गेटपाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि दीक्षाचा हात किंचित हलला. तिला तो आवाज ओळखीचा होता. पोपटराव आले होते.

“टोपी नीट धर,” रंगराव म्हणाले आणि तिसऱ्यांदा ओढली.

मी पेटलो. धुराचा लोट उठला. रंगरावांनी कान लावला, तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात स्वतःलाच तपासत होतो. लायनर गुळगुळीत होता. रंगरावांनी डोळे उघडले. “ओरखडा नाही,” म्हणाले. त्यांनी ते तिलाच सांगितलं.

धुरातूनच पोपटराव गच्चीवर आले. काखेत हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट, ताठ चाल. दोन्ही व्याही एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. रंगरावांचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, तरी त्यांनी ते जोडले. पोपटरावांनीही नमस्कार केला, पण चेहरा उघडला नाही. मुलीच्या बापाचा होता तो.

“बॅग तयार आहे म्हणाल्या वहिनी,” ते दीक्षाला म्हणाले. “निघायचं का?”

दीक्षानं माझ्याकडे बघितलं. टाकी संपत आली होती आणि माझा सूर वर चढत होता.

“पोपटराव,” रंगराव म्हणाले. इतके महिने न बोललेल्या माणसाला एकदम सगळं कसं बोलता येणार? त्यांच्या हाताशी जे होतं तेच त्यांनी पुढं केलं. “आत्ता लगेच सोडता येणार नाही. हे नवं इंजिन आहे. अजून बऱ्याच टाक्या राहिल्यात. एकट्यानं होत नाही. काल मी एकट्यानं केलं, ते चुकलं.”

पोपटरावांनी मुलीकडे बघितलं. “दीक्षा?”

इतक्यात इंधन संपलं आणि मी थांबलो. कानात घुमणारी शांतता झाली. मी तापलेला होतो, आणि आता पुन्हा तीच वेळ आली होती. रंगराव माझ्यापासून हातभर अंतरावर होते, त्यांना स्वतःला सहज फिरवता आलं असतं. त्यांनी हात मागे घेतला.

“दीक्षा,” ते म्हणाले, “पिस्टन खाली आहे का बघ.”

तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तिनंही. ती खाली वाकली, फ्लायव्हील बोटानं हळूच फिरवली आणि ठिपका वर आणला. वाकलेली होती म्हणून तिचे डोळे बाकीच्यांना दिसले नाहीत. मला दिसले.

“खाली आहे, बाबा.”

मग ती उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, बसा जरा. याला गार व्हायला वेळ लागतो.”

पोपटरावांनी बादली पालथी घातली, रुमालानं पुसली आणि तिच्यावर बसले. “चहा मिळेल ना?” त्यांनी विचारलं. जिन्यातून दुर्गाबाईंचा आवाज आला, “ठेवलाय.” म्हणजे टेलिफोन बंद असला तरी ऐकणं चालू होतं.

बॅग त्या दिवशी खाली गेली नाही. रंगराव एका दुपारीत बदलले असंही समजू नका. माणसं माझ्यासारखीच असतात, एका टाकीत रुळत नाहीत. पुढं त्या दोघांची मीठ कमी-जास्त झाल्यापासून निवडणुकीपर्यंत भांडणं झाली, पण ती समोरासमोर. गावाकडच्या एका लग्नात भावानं सुनेबद्दल काही विचारलं, तेव्हा रंगराव म्हणाले, “ती इथंच आहे, तिलाच विचार.” हे दुर्गाबाई गॅलरीत कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, तेव्हा मला कळलं.

दिग्विजय दिवाळीला आला तोवर मी पूर्ण रुळलो होतो. सोसायटीच्या मागच्या मैदानात मी पुष्कळ धावलो. मग माझं इंधन मिळेनासं झालं, सेलवरच्या मोटारी आल्या, आणि त्या माझ्यापेक्षा जोरात पळतात हे मी मान्य करतो, आवाजाबद्दल मात्र बोलत नाही. आता मी हॉलमधल्या कपाटात असतो, तोंडात रुमाल, अंगात तेलाचे दोन थेंब. दुर्गाबाई गेल्या. रंगराव बहुतेक वेळ पलंगावर असतात आणि दिवस कोणता ते त्यांना विचारून घ्यावं लागतं.

तुम्हाला एक विनंती. असं घट्ट, नवं काही कधी हातात आलं तर त्याला पकड लावू नका. गरम करा, थांबा, आणि जे सांगायचं ते त्यालाच सांगा. एवढं बोलून मी गप्प होतो.

तसं गप्पच असतो. फक्त अधूनमधून पलंगावरून आवाज येतो, “दीक्षा, पिस्टन खाली आहे का बघ.” एकदा इंजिन रुळलं की पिस्टन वर राहिला काय, खाली राहिला काय, फारसा फरक पडत नाही. शिवाय मी चालून कित्येक वर्षं झाली. हे त्यांना माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तरी ती हातातलं काम ठेवून येते, कपाट उघडते, आणि फिकट झालेला लाल ठिपका वर आहे हे वाकून बघते.

“खाली आहे, बाबा.”